सुतकातला इसार

कस्तुराबाईचा नवरा श्रीमंत जाऊन आठवडा झाला नव्हता. बिलोलीच्या खालच्या अंगाला, मांजरेकाठी त्यांचं गाव. दारात माणसांची रीघ लागलेली. कुणी लुगडं आणी, कुणी पिठलं-भाकरीचं टोपलं, कुणी नुसत्याच नोटा हातावर ठेवी. दुखवट्याची रीतच ती. कस्तुराबाई भिंतीला पाठ लावून बसलेली असे. जे येई ते घेई आणि मांडीखाली सारी. तिला रडू येत नव्हतं. बायकांनी गळ्यात पडून पाहिलं, हंबरडे फोडून पाहिले. हिचे डोळे कोरडे ते कोरडेच.

अशात लातूरहून एक दातांचा डॉक्टर आला. गंधार त्याचं नाव. त्याला घेऊन आला तो कस्तुराबाईचा पोरगा सुदर्शन, नांदेडला हायस्कुलात मास्तर असलेला. डॉक्टरनं वाकून नमस्कार केला, तिच्या हातावर पाचशेच्या दोन नोटा आणि वर एक रुपया ठेवला.

"लई लांबून आलास बाबा," ती म्हणाली. "चार घास खाऊन जा."

आणि नोटा मांडीखाली गेल्या. सुदर्शन उंबऱ्याकडे बघत राहिला.

मग दोघं गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली गेले. तिथं श्रीमंतची जीप उभी होती. उघडी, बसकी, गुडघ्यासारखा दुसरा गिअरदांडा वर आलेली. तो दांडा ओढला की चारी चाकं एकदम जोर करत. त्यांचं बोलणं कस्तुराबाईला भिंतीआडून ऐकू येत होतं.

"नवी कितीला पडली होती?" डॉक्टर विचारत होता. "मी पाच जुन्या जीपा मांडून ठेवल्यात, सर. प्रत्येकीपुढे मी पाटी लावतो. साल आणि नवी असतानाची किंमत. लोक तेच आधी वाचतात."

"अण्णा गावात चाळीस हजार सांगायचे," सुदर्शन म्हणाला. "आणि चुलत्याला अठरा. चाळीस म्हणलं असतं तर चुलता म्हणला असता, एवढे कुठून आले, माझा वाटा काढ."

"मग खरी किती?"

"देवाला ठाऊक."

देवाला ठाऊक होती की नाही कोण जाणे, कस्तुराबाईला ठाऊक होती. शहात्तर साल. नदीकाठचं काळंभोर रान, नऊ एकर, एकरी तीन हजार. नऊ त्रिक सत्तावीस. तिला लिहितावाचता येत नसलं तरी एवढा हिशेब येत होता. श्रीमंतनं दारात आणून भोंगा वाजवला तेव्हा ती चुलीपुढं होती. तो आत डोकावून म्हणाला, "रान दिलं, ही आणली." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. पुढं कितीतरी वर्षं टवाळ पोरं म्हणत, "सरका रे, नऊ एकर आलं."

डॉक्टर जेवून गेला. संध्याकाळी शेजारची शिवम्मा आली. ही देगलूरकडची, घरात कानडी बोलणारी, तोंडाची फटकळ.

"कस्तुराक्का, नवऱ्याची राख निवली न्हाई आन् जीप इकलीस?"

"मी? न्हाई गं."

"मग इसार कशाचा घेतलास? लातूरवाला पारावर सांगून गेला की, मालकिणीच्या हातात इसार दिला म्हणून."

कस्तुराबाईनं मांडीखालच्या नोटा काढल्या. त्यात तो एक रुपया होता. दुखवट्याला कुणी वर रुपया ठेवत नाही. वरचा रुपया लागतो तो सौद्याला. आता तिला कळलं. इसार हातात घेतला की शब्द गेला. उलटायचं तर दुप्पट मोजायचा.

तिनं सुदर्शनला हाक मारली. तो आला, खाली बसला.

"चार लाख देतोय, माय. म्हणतो, नवीच्या किमतीच्या दहापट तरी असंल."

"मला सांगायचं तरी."

"तू काही बोललीस का इतक्या दिसांत? कुणाला सांगायचं? आन् ठेवायची कशाला ती? त्या नऊ एकराचे आज दीड-दोन कोटी आले असते. अण्णानं लोखंड घेतलं."

"लोखंडात जल्मलेली चार बाळं हायेत या गावात," शिवम्मा म्हणाली. "माझा रुद्रेश त्यातलाच. गुडघाभर चिखल, बैल रुतलेले, श्रीमंतदादानं बिलोलीला न्हेलं. पैसा घेतला न्हाई."

हे खरं होतं. हेही खरं होतं की कस्तुराबाईचे दिवस भरले तेव्हा जीप दुसऱ्याच गावच्या बाईला घेऊन गेली होती. हिला बैलगाडीतून नेलं. सुदर्शनच्या आधीची ती पोर वाटेतच जन्मली आणि वाटेतच गेली. श्रीमंत त्यावर कधी बोलला नाही. तीही नाही.

शिवम्मानं तोडगा काढला. "सुतकात घेतलेला इसार इसार न्हवं. सुतकात देणंघेणं धरतच न्हाईत. दुप्पट कशाला, हाय तेवढा परत दे."

"दे," कस्तुराबाई सुदर्शनला म्हणाली. "म्हणावं, तेरवी झाल्यावर ये. काय मागायचं ते मला माग."

सुदर्शनला वाटलं, माय जीप सोडणार नाही. शिवम्मालाही तेच वाटलं. तेरवी होईस्तोवर तिनं गावभर करून टाकलं.

तेराव्यानंतर डॉक्टर आला, ओशाळा झालेला. "आजी, चुकलं माझं. मला वाटलं सरांनी तुम्हाला सांगितलंय. जीप विकायची का तुम्हाला? नसेल तर तसं सांगा. मी चहा पिऊन जाईन."

कस्तुराबाई उठून पत्र्याखाली जीपेपाशी गेली.

"चालू करा," ती म्हणाली.

ती पुढं बसली. पुढं ती कधी बसली नव्हती. पुढं श्रीमंत आणि त्याच्या शेजारी कुणी ना कुणी बाप्या, बाया मागं. डॉक्टरनं जीप नदीकडच्या वाटेला घातली. नऊ एकरात आता दुसऱ्याचं सोयाबीन होतं, हिरवंगार, कमरेला लागणारं. बांधावर कुणाचा तरी पंप चालू होता. तिनं रान बघितलं. मग गिअरदांड्यावरची घासून गुळगुळीत झालेली मूठ बघितली. डोळ्यांत पाणी येतंय का याची वाट बघितली. श्रीमंतसाठी, रानासाठी, त्या पोरीसाठी. आलं नाही.

"फिरवा," ती म्हणाली.

दारात येऊन इंजिन बंद झालं. शिवम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. सुदर्शन पायरीवरून उठला.

"न्या," कस्तुराबाई म्हणाली. "पाटीवर सत्तावीस हजार लिवा. चाळीस न्हाई, अठरा न्हाई."

"अगं मग परत कशाला केलास इसार?" शिवम्मा म्हणाली. डॉक्टर उतरून खिशातली नोटांची पुडकी काढू लागला, सुदर्शन कागद शोधायला आत पळाला. कस्तुराबाई तशीच पुढच्या सीटवर बसून राहिली. जीपची पायरी उंच होती, गुडघे दुखत होते, आणि तिला उतरवायला हात द्यायचं अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.