एकसष्टी उत्साहात साजरी

बाळासो मालकांना मी माफ करणार न्हाय, हे आधीच सांगून टाकतो. मंगळवार पेठेत त्यांचा पेपर. तिथं बावीस वर्षं मी उपसंपादक, लांबड्या बातम्या बारीक करणारा. माझी आई चिमणाबाई गेली, तवा रक्षाविसर्जनाच्या वेळेची चार ओळींची बातमी मी स्वतः लावलती. मालकांनी ती काढली आणि तिथं आपल्याच सत्काराचा फोटो टाकला. गगनबावड्याच्या पावण्यांना वेळच कळली न्हाय. नदीवर आम्ही सहाजण.

२००४ साली मालकांनी महांतेश नावाचा इंजिनिअर आणला. "कृष्णात, आता बातम्या कॉम्प्युटर बारीक करणार. तू त्याला शिकव, मग घरी बस." वा रे वा!

महांतेश पोरगा सरळ. म्हणाला, "काका, कॉम्प्युटर एका बातमीचे चाळीस सारांश काढणार. तुम्ही मार्क द्यायचे. जास्त मार्कवाले जगणार, त्यांची सरमिसळ करून पुढची पिढी. कसल्या वाक्याला किती वजन द्यायचं, ते असंच शिकतंय." म्हणजे जातिवंत खोंड निवडून पैदास करावी तसं.

"मार्क कशावर द्यायचे?"

"तुमच्या अनुभवावर की."

अनुभव तर दांडगा. आमच्या पेपरात तुंबलेल्या गटारीच्या बातमीतसुद्धा बाळासो असायचेच. सारांशात त्यांचं नाव दिसलं की शून्य, न्हाय दिसलं की दहा. दोन महिने, रोज, दात खाऊन. शंभराव्या पिढीत मालक औषधालाही उरले न्हाईत. महांतेश खूश. "फापटपसारा गेला बघा, काका." व्हय बाबा, गेला.

मग मालकांची एकसष्टी आली. त्यांनीच हुकूम सोडला, "माझी बातमी मशीनच काढणार. कुणी हात लावायचा न्हाय." मी खरंच लावला न्हाय. फोटो बातमीनंतर एक दिवसानं पुरवणीत जायचे होते.

सकाळी पहिल्या पानावर मथळा, 'एकसष्टी उत्साहात साजरी'. खाली मजकूर, "मंडपात मोठी गर्दी होती. वाहनं लावायला जागा नव्हती. जिलेबी दुपारीच संपली. सूत्रसंचालन रंगतदार झालं." संपलं.

मालक पेपर चुरगाळत आले. "माझं नाव कुठं हाय रं?"

"मशीनला गरजेचं वाटलं न्हाय, मालक. मार्क मी दिल्यात."

तेवढ्यात फोन वाजला. शिरोली एमआयडीसीतला कोण कारखानदार होता.

"पावणं, काल एकसष्टी कुणाची झाली? हार कुणाला पाठवायचा?"

मी रिसीव्हर मालकांच्या हातात दिला. "सांगा की."