मोटरची केबल आणि गाडीचे काम

मिस्त्रींना थोरली मुलगी झाली, त्या वर्षी मी त्यांच्याकडे आले. मूल काही दिवसांचे होते तेव्हा त्यांनी भाड्याच्या गाळ्याचे शटर पहिल्यांदा उघडले आणि बाजारातून मला वेटोळे करून खांद्यावर घालून आणले. मित्रांनो, मी तांब्याची केबल आहे. आत तीन तारा, वर जाड काळे आवरण. आता जुनी झाले. माझे वय कोणी विचारले, तर घरातले लोक थोरलीकडे बोट दाखवतात.

गाळ्यात जळालेल्या मोटरी येत. मिस्त्री आतली करपलेली तार काढून नवी भरत, आणि मग मोटर टेबलावर ठेवून मला तिच्याशी जोडत. सुरू होताना मोटर जोराचा हिसका देते. तो मी सोसायचा. मग मोटर थोडा वेळ गुमान फिरे, मग बंद. हिसका, थोडे फिरणे आणि विश्रांती, असे माझे दिवस गेले. दरवेळी मिस्त्री पालथा हात आधी मोटरीला आणि मग मला लावत आणि म्हणत, "गार आहे."

"यांच्या हातावर तापमापकासारखे आकडे लिहिलेत," शेजारचा वेल्डर गिऱ्हाइकांना सांगे. कौतुक हाताचे असे. त्यातले थोडे माझ्याही वाट्याला येई.

पुढे मिस्त्रींना साखरेचा आजार जडला. केसासारखी बारीक तार चिमटीत आहे की निसटली, हे त्यांना बघितल्याशिवाय कळेना. एकदा तापलेल्या मोटरीवर हात टेकवून ते वेल्डरशी बोलत राहिले. करपल्या कातडीच्या वासावरून वेल्डरला कळले, मिस्त्रींना नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी गाळा बंद केला. गिऱ्हाईक राहिले नाही, असे घरी सांगितले. गिऱ्हाईक होते. शटर ओढल्यावरही एक जण मोटर डोक्यावर घेऊन आला होता.

मला घरी नेऊन माळ्यावर टाकले. माझ्या अंगावर मोडका पंखा, त्याच्यावर धूळ. आवरण हळूहळू कडक होत गेले. वाईट वाटले का, असे विचाराल तर खरेच सांगता येत नाही. कोणी विजेला जोडले नाही की आमच्यात काही हलत नाही.

मग मिस्त्रींच्या बायकोची मूत्रपिंडे निकामी झाली. मशीनवर रक्त स्वच्छ करून घ्यायला दिवसाआड दवाखान्यात जावे लागे, आणि दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. थोरली घरी राहायला आली आणि तिने विजेवर चालणारी गाडी घेतली. गाडी चार्ज नसली तर खेप चुकणार, आणि खेप चुकली तर आईला धाप लागणार. त्या घरात सगळ्यांचे लक्ष मग चार्जरवर लागले.

चार्जर बसवणारा आला. त्याने मीटरपासून फाटकाजवळच्या भिंतीपर्यंत चालून अंतर पाहिले. मिस्त्रींनी मला माळ्यावरून काढून, ओल्या फडक्याने पुसून तयार ठेवले होते.

"काका, ही चार स्क्वेअर जाडीची आहे," तो म्हणाला. "गाडीला सहा तर हवीच. तुमचं अंतर लांब, शिवाय भिंतीवर दुपारभर ऊन. मी म्हणेन दहाची नवी घ्या."

"हिच्यावर मी तीन एचपीची मोटर उठवायचो. सुरू होताना मोटर काय खेचते, बघितलंय कधी?"

"मोटर उठते आणि थांबते. गाडी तासन्‌तास एकसारखी खेचते. हिला दम खायला मिळणार नाही."

"माझी केबल मला शिकवतोस?"

तो हसला. "नाही शिकवत. चार्जर मी लावतो. केबल तुमची तुम्ही ओढा."

"बाबा, घेऊ या ना नवी," थोरली म्हणाली.

"घरात असताना? मी रोज हात लावून बघेन. मग तर झालं?"

त्या हातावर सगळ्यांचा विश्वास होता. हाताचे काय झाले आहे, हे त्या घरात फक्त मिस्त्रींना आणि मला माहीत होते.

मला भिंतीलगतच्या पाइपात ओढले. दवाखान्यातून गाडी दुपारी परत येई आणि चार्जिंगला लागे. मित्रांनो, तो चटका मला नवा होता. हिसका नाही, धक्का नाही. नुसती ओढ, आणि ती संपतच नाही. वरून ऊन. भार वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच गाडीच्या मापाचा होता, माझ्या मापाचा नव्हता, त्यामुळे तोही पडत नसे. आतले आवरण मऊ होऊ लागले. रोज संध्याकाळी मिस्त्री येत, पाइपातून बाहेर निघालेल्या माझ्या टोकाला पालथा हात लावत आणि घराकडे तोंड करून म्हणत, "गार आहे."

मी गार नव्हते.

एका संध्याकाळी आई पायरीवर बसल्या होत्या. दवाखान्यातून आल्यावर त्यांना आत जाण्याइतके त्राण नसे. उठताना त्यांनी आधाराला पाइप धरला आणि लगेच सोडला.

"अहो, हे तापलंय."

"ऊन होतं."

"ऊन जाऊन किती वेळ झाला. हात लावा बरं."

मिस्त्रींनी मला हात लावला. "गार आहे."

आई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मिस्त्रींचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पदराआड काहीतरी केले.

"आत्ता मी काय केलं?"

"काय केलंस?"

"चिमटा काढला. नख लागलंय, बघा."

मिस्त्रींनी हाताकडे पाहिले. नखाची खूण होती.

"कधीपासून?" आईंनी विचारले.

"गाळा बंद केला त्याच्या आधीपासून. त्यामुळेच बंद केला."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरतेय, लोकांना आता मोटरी दुरुस्त करायला नकोत म्हणून."

मग आईंनी थोरलीला हाक मारून चार्जर बंद करायला सांगितला. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हते.

चार्जर बसवणारा पुन्हा आला. जोडाजवळ माझे आवरण तपकिरी पडून तडकले होते. ते त्याने थोरलीला दाखवले आणि म्हणाला, "आठवडाभर अजून चाललं असतं, तर पेटली असती." मिस्त्रींनी मान हलवली. दुकानात ते स्वतः गेले. मीटरपासूनची वेगळी लाइन, दहा स्क्वेअरचे तांबे, उन्हात टिकणारे आवरण, पुरेसे रुंद पाइप आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, हे सगळे त्यांनी विचारून विचारून घेतले. जोड त्यांनी आवळला नाही. पान्हा चार्जरवाल्याच्या हातात दिला.

त्यानंतर रोज संध्याकाळी केबलला हात आई लावत आणि मिस्त्री बाजूला उभे राहत.

"कशी आहे?"

"गार. पण तुम्ही म्हणायचात तशी नाही, खरोखरची गार."

यावर मिस्त्री एकदा हसले होते.

मला काढून अंगणातल्या खिळ्याला टांगले आहे. तिथून मला फाटक दिसते, आणि नव्या केबलचे टोक. मित्रांनो, जुन्या वस्तूला काम द्यायचे असेल तर आधी नीट पाहून घ्या, ती आता काय सोसू शकते. पूर्वी काय सोसले, ते पुरत नाही. आणि घरातला कोणी "मला काही होत नाही" म्हणाला, तर एवढ्यावर उठून जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा, हाताला कळते का, पायाला कळते का.

मिस्त्रींना पायाचे कोणी विचारले नाही. तळव्याला जखम झाली होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी मोजा काढून कधी पाहिले नाही. ती चिघळत गेली आणि विष अंगभर पसरले. नवी केबल बसली त्याच्या पुढच्या वर्षी, थंडी सरता सरता, एका बुधवारी सकाळी मिस्त्री गेले. आई आहेत.