उगोमाच्या देजातली नोट

मित्रांनो, माझं वय सांगायला मला लाज वाटते. मोठ्या देशातून फुटून निघालेला आमचा बियाफ्रा देश जेमतेम अडीच वर्षं जगला. मी त्याची एक पौंडाची नोट, चलन म्हणून मला तर तेवढंही आयुष्य लाभलं नाही.

मी आले तेव्हा लढाई ऐन भरात होती. आधी लोकांनी मला मान दिला, मग माझी पत घसरली. चिमूटभर मिठासाठी आम्ही मूठभर लागू लागलो. तरी उगोमाच्या लग्नात माझं कौतुक झालं. गणवेशातल्या नवऱ्यामुलानं तिच्या बापाला, इबेक्वेला, वधूच्या मोलाचं देज म्हणून तीस नोटा दिल्या, त्यांत मी होते. पाहुणचाराचं कोलाफळ फोडलं, ताडी फिरली, लग्न लागलं. चार महिन्यांनी नवरा लढाईत पडला. पुढे देश बुडाला आणि आमची रद्दी झाली. माझ्या बहिणी चुलीत गेल्या. मला मात्र इबेक्वेनं ठेवून घेतलं.

कोनफळाच्या लावणीचे दिवस आले. उगोमा तान्ह्या लेकीला घेऊन नवऱ्याच्या शेतात उभी राहिली, तर दीर ओक्वुडिली आडवा आला. भावकी बसली, इबेक्वेही आला.

"कसली वहिनी? देज दिलंच कुठं? कागदं दिली!" तो इबेक्वेवर ओरडला. "काका, तुमची पोरगी घेऊन जा. शेत आमचं."

इबेक्वेनं मला कमरेच्या कापडातून काढलं. "हिला आज बाजारात कुत्रं हुंगत नाही. पण मी घेतली ती उघड्या डोळ्यांनी. ताडी तूच ओतलीस ना रे? तीपण कागदाची होती?"

कुणीतरी हसलं. 

मग उगोमा बोलली. "भावजी, तुमच्या भावाचा खड्डा खणणाऱ्यांना तुम्ही असल्याच नोटा दिल्यात. आता त्यांना बोलवा आणि सांगा, उकरून काढा त्याला."

 ओक्वुडिली सगळ्यांदेखत तोंड झाकून रडला. मग म्हणाला, "वहिनी, उद्या कोनफळाचं बेणं घेऊन येतो."

मित्रांनो, मी आता पिवळी पडले आहे, घडीवर फाटलेही आहे. मला जपा, असा माझा हट्ट नाही. पण माझ्यात काही दम नाही हे ठाऊक असूनही ज्यांनी मला घेऊन आपली लेक दिली, त्यांना कधी फसलेले म्हणू नका.