ज्या आकड्यांवर अंगठा पडला नाही

माझ्या पारदर्शक प्लास्टिकवरचे शंभराच्या पुढचे आकडे पुसट झाले आहेत. एकशे वीस तर अंदाजानेच वाचावा लागतो. चाळीस, पन्नास, साठ मात्र कालच छापल्यासारखे काळेभोर आहेत. मित्रांनो, मी एक जुना कोनमापक आहे. तुमच्या कंपासपेटीतला माझा भाऊ कागदावरचे कोन मोजतो. मला दोन लांब हात आहेत आणि मी माणसाचा गुडघा किती वाकतो ते मोजतो. गुडघा जितका जास्त वाकेल, तितका माझा आकडा मोठा.

मला एका हाडांच्या डॉक्टरांनी तरुणपणी घेतले. त्यांना एकच प्रश्न पडला होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायामासाठी रोज रुग्णालयात यायलाच हवे का, की घरी केलेला व्यायाम पुरतो? घरी व्यायाम करणाऱ्या रुग्णांना ते वर्षभराने तपासायला बोलावत. माझा एक हात मांडीला, दुसरा नडगीला लावत. मला उचलताना माप हलू नये म्हणून आकड्यावर अंगठा घट्ट दाबून धरत. त्या अंगठ्याखाली माझे आकडे झिजत गेले. मला त्याचे वाईट वाटत नसे. तो अंगठा उबदार होता.

तपासणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बरेच रुग्ण आले, काही आलेच नाहीत. "बरे झाले असतील, म्हणून फिरकले नाहीत," असे डॉक्टर म्हणाले. आलेल्यांच्या मापांवरून त्यांनी लेख लिहिला. घरचा व्यायाम पुरेसा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

लेख गाजला. इतर संशोधक आपापल्या लेखांत त्याचा संदर्भ देऊ लागले. डॉक्टर रोज सकाळी संगणकावर संदर्भांची संख्या बघत आणि ती वाढलेली दिसली की शीळ घालत. माझी मापे दूरदूरच्या ग्रंथालयांत पोचली. मी मात्र खणात, एका मोडक्या स्टेपलरशेजारी पडून होतो. संदर्भ देणाऱ्यांपैकी कोणीही विचारले नाही, की कोणाला मोजले आणि कोण मोजायचे राहिले.

त्याच लेखाच्या आधारावर रुग्णालयाने आपला व्यायाम विभाग बंद केला. तो विभाग डॉक्टरांच्या थोरल्या बहीण, ताई, सांभाळत असत. एरवी त्या भावाला 'बाळ्या' म्हणत. त्या दिवशी तपासणीच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अभिनंदन हो, डॉक्टर." त्यानंतर ताई त्या खोलीत आल्या नाहीत.

पुढे कधीकधी संध्याकाळी डॉक्टर मला खणातून काढत आणि खिडकीच्या उजेडात धरत. माझे ते काळेभोर आकडे बघत राहत. ओठ हलत, पण शब्द फुटत नसे. मग मी परत खणात. शेवटी तो खण उघडेनासा झाला.

वर्षे गेली. एका सकाळी खण करकरला. आत आलेला हात ताईंचा होता. मला झटकून त्या जिना उतरू लागल्या. खाली बाकावर डॉक्टर बसले होते. पार थकलेले. आता त्यांच्याच गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि स्वतःच्या खोलीपर्यंत चढणे त्यांना जमले नव्हते.

"व्यायाम करत होतास ना रे, बाळ्या?"

"करत होतो की. दुखलं की थांबायचो."

"थांबणारच. घरात 'अजून थोडं वाकव' म्हणायला आहे कोण तुझ्या? भिंती?"

डॉक्टर हसले, पण लगेच थांबले. ताईंनी मला त्यांच्या गुडघ्याला लावले आणि आकड्यावर अंगठा दाबला. ती सवय भावाला त्यांनीच लावली होती. अंगठा पंचावन्नवर होता. इतक्या वर्षांत तिथे कोणाचाच अंगठा पडला नव्हता.

मित्रांनो, एखादे साधन जपायचे म्हणजे नुसते पुसून ठेवायचे नसते. ते कुठे झिजले आणि कुठे कोरे राहिले, हेही कधी निरखून पाहा. माझे कोरे आकडे म्हणजे माझ्यापर्यंत न पोचलेली माणसे होती.

डॉक्टर जिन्याकडे बघत होते.

"ताई, ते न आलेले रुग्ण बरे झाले म्हणून यायचे राहिले नव्हते. त्यांना चढताच आलं नसणार."

ताईंनी मला भावाच्या हातात दिले. डॉक्टरांच्या ओठांची ती ओळखीची हालचाल मला दिसली. या वेळी मात्र आवाज आला.

"जे आले नव्हते, त्यांच्यातले जे सापडतील त्यांच्या घरी मी जाणार. यालाच घेऊन. आणि माझं चुकलं असेल, तर चुकलं असं छापणार. माझ्याच नावानं."