नवरदेवाने लिहिलेली बारा स्टेशनं

तेराव्या स्टेशनाआधीच्या शेडच्या चित्राला नवरदेवाने दार काढलं होतं, आणि दाराला कडी. ब्रेक कुठे लावायचा एवढंच सांगणाऱ्या वहीत कडीचं काय काम – पण तो तसाच, शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून जेवतानाही पाठ न टेकणारा, आणि म्हणूनच अख्ख्या डेपोत नवरदेव. चित्राखाली त्याचं बारीक अक्षर : 'शेड दिसली की दहापर्यंत मोज, मग लाव. नवाला लावलास तर भित्रा, अकराला लावलास तर प्रवासी शेतात.'

गाडी चालवायला शिकताना चोवीस स्टेशनांचा मार्ग नवरदेव आणि हा, त्याचा मित्र, दोघांनी वाटून घेतला होता. पहिली बारा ह्याने वहीत उतरवली, पुढची बारा नवरदेवाने, आणि मग वह्यांची अदलाबदल, शेजारणी वाट्यांची करतात तशी. परीक्षेत हा पहिला आला, नवरदेव दुसरा, अर्ध्या गुणाने. स्वतंत्र गाडी हातात येऊन चार महिने होतात न होतात तोच निळ्या कंपनीत – ह्याच रुळांवरून गाड्या पळवणाऱ्या दुसऱ्या कंपनीत – जागा निघाली. एकच. दोघांनी अर्ज केले. पहिला आलेल्याला ती मिळणार, हे उघड होतं.

"नको रे जाऊस," नवरदेव कॅन्टीनमध्ये म्हणाला होता. "तिकडे नवी गाडी देतात म्हणे. नवी गाडी म्हणजे नवा जावई. आवाज नाही, पण नखरे किती. मी तर अर्ज मागे घेतोय. आपण इथेच म्हातारे होऊ. तू माझी कवळी सांभाळ, मी तुझी."

कवळीवर विश्वास ठेवून ह्याने अर्ज मागे घेतला. पुढच्या महिन्यात डेपोचा कारकून नवरदेवाचं रिकामं कपाट दुसऱ्याच्या नावावर करत होता, तेव्हा त्याने सहज विचारलं, "पहिला नंबर तुमचा, मग निळ्या कंपनीत तुम्ही कसे नाही गेलात?" फोन केला तर नवरदेव शांतपणे म्हणाला, "घेणारच होतो रे अर्ज मागे. राहून गेलं." छत्री राहून जाते तसं.

तेव्हापासून गाडी बिघडली – म्हणजे गाडी नाही, हा. पहिल्या बारा स्टेशनांत सुतासारखी सरळ, आणि तेराव्यापासून हा वहीतल्या आकड्याआधीच ब्रेक लावायचा, दहाच्या जागी साताला, गाडी अलीकडेच मंदावायची, मग मुंगीच्या पावलांनी फलाट गाठायची. दोनदा उशीर झाला. "अर्ध्या वाटेपर्यंत घड्याळ आणि पुढे वरात," डेपोचे साहेब म्हणाले, "भानगड काय आहे? तिसऱ्यांदा झालं, की पुन्हा सहा महिने दुसऱ्याच्या शेजारी शिकाऊ म्हणून बसाल." साहेब, तिथून पुढचा मार्ग मला एका खोटारड्याने शिकवलाय... हे छापील फॉर्ममधल्या कुठल्या रकान्यात लिहायचं? चार महिने ह्याने दहालाच ब्रेक लावला होता, आणि गाडी दर वेळी बरोबर थांबली होती; पण चार महिने नवरदेवही खराच वाटला होता.

आज तर तिसऱ्याच स्टेशनावर दोन माणसांनी आरशाचं कपाट आत घेण्यात दोन मिनिटं खाल्ली होती. बाराव्या स्टेशनावर मागच्या डब्यातून गार्डचा फोन आला.

"वेळ भरून काढा हो आज. तुमच्या नावाशेजारी माझंही नाव लिहितात."

"बघतो."

"बघू नका, चालवा."

वळण. शेड. एक, दोन – मोजणारा आवाज नवरदेवाचाच, ह्याला स्वतःचा आवाज कुठे होता – चार, पाच, ह्या वेगात फलाट दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो, म्हणून तर मोजायचं... सात. हात ब्रेकवर. आठ, आणि त्याला स्वच्छ कळलं, की आपल्याला वही खोटी निघायला हवी आहे. चारशे प्रवासी शेतात उतरावेत, शिस्तीत, रांगेने, चपला हातात घेऊन, आणि साहेबांना म्हणता यावं : बघा. नऊ.

दहा.

गाडी थांबली. पहिलं दार पांढऱ्या खुणेसमोर, वीतभरही मागेपुढे नाही. एक बाई उतरली, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागली. आपण कुणाच्या शब्दावर इथवर आलो, ह्याचा तिला पत्ता नव्हता.

"एक मिनिट भरून निघालं," गार्ड फोनवर म्हणाला. "आज बरे आहात तुम्ही."

बरा? पुरता खोटारडा माणूस कसा, मोडीत काढता येतो. मित्र नव्हताच कधी, म्हणायचं आणि मोकळं व्हायचं; गेले कित्येक दिवस हा तेच तर म्हणत होता. पण जो एका जागेसाठी फसवतो, आणि ब्रेकच्या बाबतीत एका आकड्यानेही फसवत नाही... म्हणजे त्या वेळी तो मित्र होता. म्हणजे माझं खरंच काहीतरी गेलं. हे आजवर कळलं नव्हतं, आणि आता छातीत असं दुखत होतं जसं कालच घडलंय.

दारं मिटली. सिग्नल हिरवा होता. अजून अकरा स्टेशनं बाकी होती, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यावर विश्वास ठेवावा लागणार होता, वेळेवर.