तळ्यात नेलेली तीनशे बारा घरं

घर तळ्याच्या बुडीत क्षेत्रात येतं, परवा सकाळी पाडणार, अशी नोटीस आली तेव्हा आत्या आधी पोट धरून हसली. तळं इथून वीस किलोमीटरवर, इथे नळाला पाणी यायची मारामार, आणि म्हणे बुडीत क्षेत्र. मग तिची नजर पलंगाकडे गेली. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला धाकटा भाऊ तिथे पडला होता आणि उशाशी बसलेल्या वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आत्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

आत्याची सगळी नोकरी नकाशांच्या कचेरीत गेली होती. तिने घराचा जुना दाखला काढून नोटिशीशेजारी ठेवला. दाखल्यावर अक्षांशाचे अंश, पुढे चोवीस मिनिटं, छत्तीस सेकंद. नोटिशीत तेच अंश, पुढे टिंब आणि २४३६.

"मेल्यांनी नुसतं मधे टिंब ठोकलंय," आत्या म्हणाली.

वहिनीला काही उमगेना. आत्याने तिला घड्याळ दाखवलं. अंशाची साठ मिनिटं, मिनिटाचे साठ सेकंद. साडेतीन तास दशांशात लिहायचे तर तीन पॉइंट पाच लिहायचे, तीन पॉइंट तीस नव्हे. तसंच इथे आधी सेकंदांना आणि मग मिनिटांना साठाने भागायला हवं होतं. भागलं की टिंबापुढे ४१ येतात. ते कष्ट कोणी घेतलेच नाहीत, म्हणून घर कागदावर थेट तळ्यात जाऊन पडलं.

दुसऱ्या दिवशी दोघी नोटीस काढणाऱ्या कचेरीत गेल्या. साहेबांनी मान वर न करता सांगितलं की यादी कॉम्प्युटरने काढली आहे आणि कॉम्प्युटर चुकत नाही. आत्याच्या डोक्यात तिडीक गेली, पण ती भांडली नाही. बाहेर व्हरांड्यात यादी लावली होती. तिच्यापुढे चष्मा सरसावून ती तासभर उभी राहिली, आकड्यांवरून बोट फिरवत. मग दार सताड उघडून आत आली.

"साहेब, तीनशे बारा घरं आहेत. टिंबापुढच्या चारांतले शेवटचे दोन आकडे एकाही घराला साठ किंवा त्याच्या वर नाहीत. खरे दशांश असते तर नव्व्याण्णवपर्यंत काहीही आलं असतं. अहो, ही सगळी मिनिटं आणि सेकंदच आहेत. तुमची अख्खी यादी चुकली आहे."

साहेबांनी पडद्यावर यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग परत पाहिली. चेहरा पडला, आवाज मात्र एकदम गोड झाला. त्यांनी एक कागद ओढला, आत्याच्या भावाचं घर वगळल्याचं लिहिलं, सही ठोकली. बाकीच्यांचं बोलू नका म्हणाले. यादी मागे घेतली तर चौकशी लागेल, आणि पाडायची यंत्रंही उद्यासाठी सांगून झाली आहेत.

वहिनीने आत्याचा हात धरला. "वन्सं, घ्या ना तो कागद. ह्यांना उचलून मी कुठे नेऊ?"

भाऊ तिचाच होता, तिने त्याला कडेवर खेळवलं होतं. तरी तिने कागदाला हात लावला नाही.

"सगळी घरं यादीतून वगळा, नाहीतर एकही वगळू नका," ती म्हणाली आणि कारकुनाच्या टेबलाशी बसून, तिथली यादी ओढून पहिल्या घराचे खरे आकडे काढायला भागाकार करायला लागली. साहेबांनी रखवालदाराला बोलावायची धमकी दिली. आत्याने त्यांना दोघांना बोलवायला सांगितलं, एकट्याला आपलं वजन झेपायचं नाही म्हणाली.

साहेबांनी कागद वहिनीपुढे सरकवला. वहिनीने तो घेतला, घडी घातली. तेवढ्यात दारातून एक म्हातारी बिचकत आत आली. सगळं तिने बाहेरून ऐकलं होतं.

"माझं दोनशे सात नंबरचं घर आहे," ती म्हणाली. "तेही चुकूनच का?"

वहिनीने एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा हातातल्या घडीकडे. घडी उलगडून तिने कागद साहेबांच्या पुढ्यात ठेवला, खुर्ची ओढली आणि आत्याला दोनशे सातचे आकडे वाचून दाखवले.

"बाई, वेड्या आहात का? तुमचं घर तरी वाचवा," साहेब म्हणाले.

"आमचं यादीतून सगळ्यात शेवटी वगळा," वहिनी म्हणाली आणि पुढचा नंबर वाचायला लागली.