सातवा बोल्ट

मागच्या चाकाजवळ साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणारा जो भाग असतो, त्या डिरेलरला माझ्या सायकलीत सात स्क्रू-बोल्ट आहेत. सायकल उलटी करून मी ते मोजले. फ्रेमला धरून ठेवणारा एक. साखळी ज्यांवरून फिरते त्या दोन छोट्या चाकांचे दोन. साखळी किती आत आणि किती बाहेर जाईल ते ठरवणारे दोन बारीक. मागं एक. झाले सहा. केबल दाबून धरणारा सातवा नव्हता. त्याच्या जागी भोक होतं आणि शेजारी केबल सैल लोंबत होती.

शनिवारची दुपार होती. रविवारी सकाळी पलूसपासून सागरेश्वरच्या खिंडीपर्यंत उरुसाची सायकल शर्यत. सरावाहून येताना वाटेत पॅडल एकदम जड झालं, तेव्हाच बोल्ट पडला असणार. ट्रॉल्यांतून सांडलेल्या उसाच्या कांड्या पायानं सरकवत मी तो रस्ता पुन्हा चालले. मिळाला नाही.

केबलला ताण नसला की स्प्रिंग साखळीला सगळ्यात लहान चक्रावर ओढून ठेवते. सपाटीवर तेही चालतं. खिंडीत मात्र उतरून सायकल ढकलावी लागते, आणि मला पाय टेकून चालणार नव्हतं.

मुलींची वेगळी शर्यत ठेवा, असं मी उरुसाच्या कमिटीला सांगितलं होतं. अध्यक्ष उदयसिंहदादा हसले होते. "नाव तुझं एकटीचंच आलंय, अरिबा. पोरांच्यात पळ. पाय न टेकता खिंड चढलीस तर फुडच्या वर्षी पोरींची वेगळी शर्यत. टेकलास तर इषय परत काढायचा न्हाई."

"आणि मुलांनी टेकला तर?"

"पोरांचं निराळं असतंय."

"मग हे माइकवरून बोला."

मंडपात सगळे बघत होते. ते माइकवरून बोलले.

तानाजीकाकांच्या दुकानात मी सायकल नेली. त्यांनी डिरेलरकडं नुसतं बघितलं. "ह्याचा सुटा बोल्ट मिळत न्हाई. आख्खा गियर बदलायचा. मंगळवारी सांगलीला जातोय, तवा आणतो."

"शर्यत उद्या आहे, काका."

"मग बघ ह्यातलं काय बसतंय." त्यांनी सुट्या स्क्रूंचा डबा माझ्यापुढं ओतला. सगळे जुन्या काळ्या सायकलींचे. त्यातला एक भोकात दोन वेढे गेला आणि अडकला. काकांनी लगेच पाना उचलला. "सरक. जोर लावला की आटे आपसूक पडत्यात. आख्ख्या गावाच्या सायकली अशाच फिरत्यात."

मी अडकलेला स्क्रू उलटा फिरवून काढला आणि भोकावर अंगठा ठेवला.

"आगं, बोट चेपंल!"

"मग पाना खाली ठेवा."

"आटं म्हंजे आटं. त्यात जातपात असती व्हय?"

"असते. तुमचे स्क्रू इंचातले, हे भोक मिलिमीटरमधलं. ॲल्युमिनियम मऊ असतं. आज बसेल, उद्या खिंडीत आटे सोलून बाहेर येईल."

"लय शिकलीस." त्यांनी पाना मांडीवर ठेवला. खाली नाही ठेवला. "मग शोध तूच."

छोट्या चाकाचा एक बोल्ट काढून मी रिकाम्या भोकात लावून बघितला. तो नुसत्या बोटानं शेवटपर्यंत आत गेला. म्हणजे मला त्याचाच जुळा हवा होता. डब्यातला एकेक स्क्रू मी त्याला चिकटवून उजेडासमोर धरायला लागले. आटे एकमेकांत बसले तर मधून उजेड दिसत नाही. काकांनी आधी गंमत म्हणून एकेक पुढं केला, मग स्वतःच एक डोळा मिटून बघायला लागले. प्रत्येकात उजेड दिसत होता. डबा संपला.

"झालं?" काका म्हणाले. "आता कमिटीला कळीव जा, येत न्हाई म्हणून."

"येणार आहे."

घसा कोरडा पडला होता. बाटली काढायला हात घातला, तर तिच्या मागं फ्रेमवर बाटलीचा पिंजरा धरून ठेवलेले दोन बोल्ट दिसले. एक काढून छोट्या चाकाच्या बोल्टला चिकटवला, उजेडासमोर धरला. उजेड नव्हता.

"आनि उद्या पाणी कशातनं न्हेणार?"

"पोटातनं."

काका पहिल्यांदा हसले. बोल्ट थोडा लांब होता, तो त्यांनीच करवतीनं कापून दिला, वर एक वॉशरही दिला. पण देताना म्हणाले, "वॉशर सपाट हाय. मूळच्याला खाच असती केबल धरायला. चढाला केबल घसरणार बघ."

ही शंका मला खोडता येईना. बोल्ट आवळल्यावर मी अम्मीची नेलपॉलिश आणली आणि वॉशरच्या पलीकडं केबलच्या मोकळ्या टोकावर लाल ठिपका दिला. केबल घसरली तर ठिपका वॉशरकडं ओढला जाणार. पट्टी लावून अंतर बघितलं, काकांनाही दाखवलं.

"उद्या वर या. पट्टी घेऊन."

रविवारी शर्यतीत खिंडीच्या पायथ्याशी मी सगळ्यात मोठं चक्र टाकलं. साखळी चढली. उदयसिंहदादा मोटरसायकलवर माझ्या शेजारी, नजर माझ्या पायांवर.

"दमलीस की! उतर, कोन बघतंय?"

"तुम्ही बघताय. बघत राहा."

पुढं एक जण उतरून सायकल ढकलत होता. "दादा, त्याचा पाय टेकलाय."

"तू तुझं बघ."

"माझं तुम्ही बघताय ना?"

शेवटच्या वळणावर जीभ टाळूला चिकटली. पॅडल फिरत होतं.

माथ्यावर मी उतरले नाही. माइकच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत राहिले.

"आता उतर की, बाय! झाली शर्यत!"

"आधी बोला, दादा."

लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "बोला, अध्यक्ष!" आणखी दोन फेऱ्या झाल्या. मग माइक खरखरला. "फुडच्या वर्षी पोरींची वेगळी शर्यत हुईल. झालं समाधान?"

मी पाय टेकला. तानाजीकाका पट्टी घेऊन आधीच मागच्या चाकाशी वाकले होते. चष्मा वर करून त्यांनी बघितलं, मग मी बघितलं.

वॉशरच्या कडेपासून लाल ठिपक्यापर्यंत, शनिवारी दुपारी: दोन मिलिमीटर. रविवारी, खिंडीच्या माथ्यावर: दोन मिलिमीटर.